शेडमधलं आमचं घर

सोमवार, ४ तारीख

डॉक्टर म्हणाले, झोप येत नाही तर लिहीत जा. मी म्हटलं, डॉक्टर, मी सातवीत दोनदा बसलेला माणूस, मी काय लिहिणार? ते म्हणाले, कुणी तपासणार नाही. तपासणार नाही म्हणूनच तर भीती वाटते. शाळेत निदान मास्तर लाल रेघ मारून सांगायचे, गाढवा, इथे चुकलास.

खोली मेहुण्याची आहे. खाट, टेबल, एक खिडकी. खिडकीबाहेर भिंतीला आमची लाकडी शिडी टेकवलेली आहे. आमची म्हणजे आमच्या जळलेल्या घराची. आग लागायच्या आधीच ती इकडे आली होती, म्हणून वाचली. आमच्या घरातलं तेवढंच उरलं. वारा सुटला की ती भिंतीवर टकटक करते आणि मी दचकून उठतो. मेहुण्याला म्हटलं, आडवी ठेव. म्हणतो, "भाऊजी, आडवी ठेवली की शिडीत साप शिरतो." शिडीत साप कसा शिरेल? पण घर त्याचं.

आज एक बाई आल्या होत्या. वणव्यांचा अभ्यास करणारं केंद्र आहे, तिथल्या मोठ्या बाई. खुर्चीत बसल्या, मेहुण्याने केलेला चहा शेवटपर्यंत प्यायल्या. म्हणजे सहनशील असाव्यात.

म्हणाल्या, "काका, गेल्या वर्षीचा वणवा रस्त्यापलीकडेच थांबला होता. ज्वाळा तुमच्या घरापर्यंत आल्याच नाहीत. शेजारची घरं अजून उभी आहेत. मग तुमचंच का जळलं, ते आम्हाला शोधायचंय."

मी म्हटलं, शोधायचं काय त्यात? इन्स्पेक्टरने कागदावर लिहून दिलंय. स्वयंपाकघराची खिडकी उघडी सापडली. तिथून ठिणग्या आत आल्या.

"खिडकी बंद कुणी केली होती?"

"मी."

"नक्की?"

आता काय सांगू? मी कडी लावतो, मग ओढून बघतो, मग दारापर्यंत जाऊन परत येऊन बघतो. जन्मभराची सवय. ही हसायची. ही म्हणजे माझी बायको. म्हणायची, "अहो, कडीला लाज वाटेल, किती हात लावाल?" त्या दिवशीही तसंच केलं होतं. पण वर्षभर जो तो नक्की का, नक्की का विचारतो. आता माझीच जीभ अडखळते.

आम्हाला सगळ्यांना ट्रकमध्ये चढवत होते. मी शेजारच्या म्हातारीला हात देत होतो. ही म्हणाली, "तुमच्या गोळ्या राहिल्या. आलेच." आणि परत घरात गेली. तेवढंच.

बाईंनी एका शेडमध्ये आमचं घर पुन्हा बांधायला घेतलं आहे. नकाशा त्यांनी कचेरीतून मिळवला. कुठे काय होतं ते मी जाऊन सांगायचं. मग ते घर पेटवून बघणार. मी म्हटलं, एकदा जळलेलं घर पुन्हा जाळायचं?

बाई गेल्यावर मेहुणा म्हणाला, "जा की भाऊजी. लेक वर्षभर तुमच्याशी बोलत नाही ती त्या खिडकीपायी. खिडकी सुटली तर लेक सुटेल."

माझी एकुलती एक लेक. लांब राहते. आई गेल्यावर आली, तेव्हा एकच वाक्य बोलली. "बाबा, तुम्हाला बंद खोलीत गुदमरतं, तुम्हीच उघडी ठेवली असणार." त्यानंतर फोन मामाला करते, मला नाही.

जाईन म्हणतो.

गुरुवार, ७ तारीख

शेड इतकी उंच की आत पाखरं उडत होती. एका टोकाला भिंतभर पंखे, एकेक बैलगाडीच्या चाकाएवढा. आणि मधोमध आमचं घर.

अर्धंच आहे. ओसरी, बाहेरची खोली, स्वयंपाकघर, वर पत्रे. मागच्या खोल्यांच्या जागी नुसत्या फळ्या. घर कुणीतरी सुरीने मधोमध कापून ठेवलं असावं तसं. माझे पाय दारात अडले. चपला काढाव्यात की नाही कळेना. छपरावर बसलेला सुतार ओरडला, "काढू नका आजोबा, खिळे पडलेत." आमच्या दारात मला चपला घालून पहिल्यांदाच कुणी आत बोलावलं.

बाईंचा एक मदतनीस आहे. टकला, पोट सुटलेला, दोन नातवंडांचा आजा. त्याच्याकडे ठिणग्यांचं यंत्र आहे. लाकडाचे तुकडे आत पेटतात आणि नळ्यांतून त्यांच्या ठिणग्या बाहेर फेकल्या जातात. मी त्याला ठिणगीवाला म्हणतो. तो म्हणाला, "घरी बायको विचारते, काय काम करता? मी सांगतो, फुंकायचा पगार घेतो. ती म्हणते, तो तर तुम्ही इथेही फुंकताच."

बाईंनी समजावून सांगितलं. वणवा स्वतः येत नाही, आधी ठिणग्या पाठवतो. वाऱ्यावर त्या कुठल्या कुठे जातात. बहुतेक घरं ज्वाळेने जळत नाहीत, ठिणगीने जळतात. म्हणाल्या, "ठिणगी बसायला जागा शोधते, काका. कोपरा, फट, कोरडं काहीतरी. जागा मिळाली नाही तर विझते."

मला ते ऐकून कसंतरी झालं. दमलेल्या पाहुण्याबद्दल बोलावं तसं बोलत होत्या.

मग विचारत गेल्या, मी सांगत गेलो. पायपुसणं कशाचं? काथ्याचं. पडदे? सुती, हिनेच शिवलेले. सरपण कुठे? न्हाणीमागे, ओसरीला चिकटून नाही. स्वयंपाकघरातली फळी मात्र चुकली होती. मी म्हटलं, खाली घ्या.

सुतार म्हणाला, "नकाशात एवढीच उंच दाखवलीय."

"नकाशा हिची उंची बघून काढलेला नाही. तिचा हात पोचायचा नाही. मी नंतर खाली घेतली होती."

त्याने मुकाट्याने खिळे उपटले. बाई बाहेर निघून गेल्या.

बुधवार, १३ तारीख

मधले दिवस काही झालं नाही. 

आज लेकीचा फोन आला, मामाला. त्याने मुद्दाम मोठ्या आवाजात लावला. मी दाराआड उभा.

"मामा, त्यांना तिकडे कशाला पाठवता? आजारी पडतील."

"अगं, तुझा बाप तिकडे मुकादम झालाय. सुताराला फळ्या खालीवर करायला लावतो."

"आणि शेवटी काय निघणार? खिडकीच ना?"

"निघेल ते निघेल. तो इन्स्पेक्टर म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. खिडकीपलीकडे बघितलंच नाही त्याने काही."

"आई आत होती, मामा." एवढं बोलून तिने ठेवला.

माझ्या तब्येतीची तिला अजून काळजी आहे, हे मात्र ऐकलं मी. पहिल्यापासून तशीच. आगीच्या आदल्या वर्षी मला शिडीवर चक्कर आली होती. पडलो असा नाही, कोपर खरचटलं फक्त. हिने ते फोनवर तिला सांगितलं, झालं! लेक कडाडली, "ती शिडी आजच्या आज मामाकडे पाठव. घरात राहिली तर ते चढल्याशिवाय राहायचे नाहीत." ही लेकीच्या पुढची. त्याच संध्याकाळी मेहुणा गाडी घेऊन हजर. मी आठवडाभर कुरकुरत होतो, अरे माझी शिडी, माझे हातपाय. ही म्हणाली, "शिडी पुन्हा मिळेल. तुम्ही मिळायचे नाही."

आता मी आहे आणि शिडीही आहे.

शनिवार, १६ तारीख

घर तयार झालं. पडदे लावले. रंग तोच नाही, पण जवळचा. आज सगळे जेवायला गेले तेव्हा मी आतच बसलो. स्वयंपाकघरात, हिची बसायची जागा होती तिच्यासमोर.

खिडकीची कडी लावली. ओढून बघितली. दारापर्यंत जाऊन परत आलो आणि पुन्हा बघितली. मग हसलो. बघायला कुणी नाही आणि आपण कडीला लाजवतोय.

जरा डोळा लागला असावा. ही खिडकीशी उभी होती. काचेवर बोटांनी टकटक करत होती, आतून. मी बाहेर. मी ओरडत होतो, उघडू नको, उघडू नको, ठिणग्या आत येतील. ती माझ्याकडे बघत होती आणि कडी शोधत होती.

जाग आली तर सुतार वर पत्र्यावर हातोडी मारत होता. मी घामाने निथळलो होतो. त्याने वरून विचारलं, "आजोबा, ओरडलात का?" मी म्हटलं, पाल होती.

मेहुण्याला सांगितलं नाही. तो म्हणेल, भुताला पण तुमच्याच घरात यायचं होतं? लोक म्हणतात, जळत्या घराचा पोळता वासा हाती लागला तरी पुष्कळ. माझ्या हाती काय लागलं तर लाकडी शिडी.

मंगळवार, १९ तारीख

ठिणगीवाल्याने आज पोती आणली. आमच्या डोंगराच्या पायथ्याचाच पालापाचोळा, गोळा करून सुकवलेला. ओसरीच्या कोपऱ्यात टाकला, दाराशी टाकला, आणि शिडी लावून छपराच्या पन्हळीत भरला. पावसाचं पाणी वाहून जायला पत्र्याची पन्हळ होती आमच्याकडे, तशीच इथे केली आहे. तिला लागूनच वाशांची टोकं.

मी म्हटलं, अहो, हे काय? हिच्या ओसरीवर असा कचरा कधी नव्हता.

बाई म्हणाल्या, "कोरड्या दिवसांत कुठल्याही घरी असतो तेवढाच टाकलाय, काका. तुमच्या घरावर झाड होतं ना? पन्हळीत काय असायचं?"

"पन्हळीत कोण बघतंय? वर कोण चढणार?"

खरंच की. त्या वर्षी वर कुणी चढलंच नव्हतं.

परवा पहिली चाचणी. खिडक्या बंद ठेवून. मोठ्या कचेरीतून माणसं बघायला येणार आहेत. बाई म्हणाल्या, "बंद खिडकीतही घर पेटलं, तर इन्स्पेक्टरचं म्हणणं टिकणार नाही."  पेटलं पाहिजे असं मला वाटायला हवं. आणि ते घर बघितलं की वाटतं, पेटू नये.

गुरुवार, २१ तारीख

आज काय करून बसलो ते सरळ लिहितो, नाहीतर लिहिण्यात अर्थ नाही.

सकाळी लवकर पोचलो. रखवालदाराने ओळखून आत सोडलं. शेडमध्ये कुणी नव्हतं. घर समोर उभं, आणि काय ती दशा! ओसरीवर पाचोळा, दारात पाचोळा, पन्हळीतून लोंबणाऱ्या काड्या. थोड्या वेळात पाहुणे येणार. मोठ्या कचेरीतली माणसं. हिचं घर बघणार. म्हणणार, बाई गचाळ होती.

ही मेल्यावरही तिला कुणी गचाळ म्हणावं?

कोपऱ्यात झाडू होता. ओसरी झाडली. दार झाडलं. पायपुसणं झटकून आत ठेवलं, झाडताना ती आतच ठेवायची. मग सुताराची शिडी लावली आणि पन्हळ साफ केली, हातांनी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. चक्कर आली नाही. कित्येक दिवसांनी वर चढलो. पाचोळा पुन्हा पोत्यांत भरला आणि पोती भिंतीमागे ठेवली. उरकून हात धुतले तेव्हा इतकं हलकं वाटलं की काय सांगू.

पाहुणे आले. बाई त्यांच्याशी बोलण्यात गुंतल्या. ठिणगीवाला यंत्राशी. आम्ही सगळे दूर काचेमागे उभे राहिलो, तिथून पन्हळ दिसत नाही. पंखे सुरू झाले.

ठिणग्यांचा पाऊसच. घरावर, ओसरीवर, खिडकीवर. बघताना मला तो दिवस आठवला नाही, हे नवल. त्या दिवशी मी वर बघितलंच नव्हतं. ठिणग्या ओसरीवर पडायच्या, घरंगळत कोपऱ्यात जायच्या, लाल व्हायच्या, काळ्या व्हायच्या. जागा शोधत होत्या बिचाऱ्या. मिळत नव्हती.

पंखे थांबले. घर तसंच उभं. इथे तिथे काळे ठिपके.

पाहुणे घड्याळ बघत निघून गेले. एकजण म्हणाला, म्हणजे खिडकीच असणार. मी ऐकलं, पण मला काही झालं नाही. मी नुसता घराकडे बघत होतो. वाचलं! मला आत जाऊन हिला सांगावंसं वाटलं.

ठिणगीवाला डोक्यावर हात मारून बसला होता. बाई घराभोवती फिरून आल्या, शिडीवर चढल्या, उतरल्या. माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"काका, झाडलंत तुम्ही?"

"पाहुणे येणार होते," मी म्हटलं.

ठिणगीवाला ओरडला, "अहो आजोबा, चार पोती पाचोळा! पाठ मोडून आणला होता मी! बायकोसुद्धा माझं इतकं आवरत नाही!"

बाई ओरडल्या नाहीत. ओसरीच्या पायरीवर बसल्या, मलाही बसवलं. म्हणाल्या, "असू दे. ही चाचणी कधीतरी करावीच लागली असती. तेच घर, तोच वारा, तीच बंद खिडकी. पाचोळा नव्हता, घर राहिलं. आता पाचोळा घालून पुन्हा करू. तुमच्या घरची पन्हळ कोण साफ करायचं?"

"मीच. दर वर्षी, कोरडे दिवस लागायच्या आधी."

"गेल्या वर्षी?"

"नाही झाली."

"का?"

"शिडी नव्हती."

त्यांनी पुढे विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर माझ्या तोंडात येऊन बसलं होतं. 

शुक्रवार, २२ तारीख

दिवसभर खाटेवर पडून शिडी बघितली.

खालून दुसरी पायरी मी तारेने बांधलेली आहे. तिथेच चक्कर आली होती.

म्हणजे पन्हळ भरलेली होती. म्हणजे ठिणगीला जागा मिळाली. म्हणजे शिडी घरी असती तर.

पुढचं लिहिणार नाही. कुणी तपासणार नाही असं डॉक्टर म्हणाले, तरी लिहिणार नाही. हिने आणि लेकीने मला वाचवायला ती पाठवली. मी चढून पडू नये म्हणून. असा हिशेब कुणी मांडायचा नसतो.

संध्याकाळी बाईंना फोन केला. विचारलं, "तुमच्या अहवालात कुणामुळे झालं ते लिहितात का?"

"नाही काका. पन्हळीत कोरडा पाचोळा होता, एवढंच येईल. माणसांबद्दल आम्ही लिहीत नाही."

"घरच्यांना बोलावता का?"

"मुलीला बोलावलंय मी. दुसऱ्या चाचणीला. तुमच्या मेहुण्यांनी नंबर दिला. का, बोलवायला नको होतं?"

मी म्हटलं, छे, छे, बरं केलंत.  खिडकी सुटणार, वर्षभर जिची वाट बघितली ती लेक येणार, आणि मला वाटतंय, येऊ नये.

मेहुण्याला म्हटलं, ही शिडी कुठेतरी देऊन टाक.

"का? रोज तर तिच्याकडे बघत बसता."

"नको वाटते."

"लेक येतेय तर एवढे कावरेबावरे कशाला? जावई येतोय का पोलीस?" त्याला काही समजत नाही तेच बरं आहे. बोलका माणूस.

बुधवार, २७ तारीख

लेक आली. वाळली आहे. नमस्काराला वाकली, मी पाठीवर हात ठेवला. मग मामाने चहा केला आणि माझ्या झाडू मारण्याची गोष्ट साभिनय करून दाखवली, पन्हळीत हात घालण्यासकट. लेक हसली नाही. म्हणाली, "पन्हळ?"

"अगं हो. बाई म्हणतात, सगळा खेळ तिथेच असणार."

ती हात धुवायला म्हणून मागच्या अंगणात गेली. बराच वेळ आली नाही. खिडकीतून बघितलं तर शिडीसमोर उभी होती. तारेवर बोट फिरवत होती. लांबचा प्रवास करून आलेली, दमली असेल. मी हाक मारली नाही.

मग माझ्या खोलीत आली. खाटेच्या कडेला बसली.

"बाबा, पन्हळ तुम्ही साफ करायचात ना?"

उत्तर मी पाठ करून ठेवलं होतं. म्हटलं, "हो. पण त्या वर्षी आळस केला गं. तुझी आई सांगून सांगून थकली. शेजाऱ्याची शिडी होती, मागितली असती तर मिळाली असती. उद्या करू, उद्या करू म्हणत राहिलो. चूक माझीच."

खोटं बोलताना मी नेहमी कान खाजवतो. ही लगेच पकडायची. लेकीला ठाऊक नसावं.

ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "तुम्ही आणि आळस?"

"म्हातारपण, दुसरं काय!"

तिने माझी उशी नीट केली आणि उठून गेली. चिडली नाही. पटलं असावं.

गुरुवार, २८ तारीख

दुसरी चाचणी झाली. या वेळी मला सकाळपासून ठिणगीवाल्याने शेजारी बसवून ठेवलं होतं, माझ्या हाताला हात लावून. "आज झाडू दिसला तर त्यालाच पेटवीन."

पंखे सुरू झाले. मी आणि लेक काचेमागे. या वेळी पन्हळ दिसेल अशा जागी उभं केलं होतं बाईंनी. ओसरीवर काही झालं नाही आधी. मग पन्हळीतून बारीक धूर निघाला. वर कुणी निवांत बसून विडी ओढतंय असा. मग लाल रेघ, पन्हळभर. मग वाशांची टोकं. मग पत्र्याखालून धूर आत उतरायला लागला. बाहेरून बघणाऱ्याला घर अजून शाबूत दिसत होतं. आत धूर भरत होता.

खिडकीकडे मी डोळे लावून होतो. काच पिवळी झाली, तपकिरी झाली, काळी झाली. कडी लागलेलीच होती. शेवटपर्यंत लागलेली होती. पाणी मारून विझवलं तेव्हाही.

बाई माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, "काका, खिडकीमुळे नाही. मी लेखी देईन."

मी म्हटलं, "ते ठीक आहे. पण बाई, ही खिडकी शेवटपर्यंत बंदच राहिली. आमची मी अशीच बंद केली होती. मग आमची उघडी कशी सापडली?"

बाईंनी हातातले कागद उलटसुलट केले. ठिणगीवाला पंखे बंद करायला गेला, ते आधीच बंद होते. मी लेकीकडे बघितलं. तिने एकदम माझा दंड धरला, लहानपणी गर्दीत धरायची तसा.

"बाबा, चला. धुराने डोळे चुरचुरतायत."

धूर काचेपलीकडे होता. आमच्याकडे येतच नव्हता. पण तिचे डोळे खरंच लाल झाले होते, म्हणून निघालो.

गाडीत विचार करत होतो. उद्या पुन्हा विचारायला हवं बाईंना. एवढी शिकलेली माणसं, त्यांना माहीत असणार.

रविवार, ३१ तारीख

बाईंना विचारलं नाही. फोन हातात घेतला की त्या शनिवारचं स्वप्न आठवतं, का ते कळत नाही, आणि मी फोन ठेवून देतो.

लेक अजून इथेच आहे. चार दिवस रजा वाढवली. रोज माझ्याशी बोलते. फार नाही, गोळ्या घेतल्या का, पाणी प्यायलात का, एवढंच. वर्षभर एवढंच तर हवं होतं.

आज सकाळी मी मेहुण्याच्या छपराकडे बघत होतो. त्याचीही पन्हळ भरली आहे, कबुतरांनी काड्या आणून टाकल्या आहेत. कोरडे दिवस तोंडावर आलेत. त्याला म्हटलं, साफ कर. तो म्हणाला, "गुडघे दुखतात." त्याचे गुडघे कामाच्या दिवशीच दुखतात.

मी शिडीला हात लावला आणि मागे वळून बघितलं. लेक दारात उभी. म्हटलं, आता कडाडणार. शिडी जप्त होणार.

ती आली. शिडी भिंतीला नीट टेकवली. दोन्ही बाजूंनी पकडली.

"चढा बाबा. मी धरते."

"अगं, मला चक्कर..."

"मी आहे खाली. चढा."

चढलो. तारेच्या पायरीवर जरा थांबलो, मग वर. काड्या काढून खाली टाकायला लागलो. तिच्या केसांत पडत होत्या, तिने डोकं वर केलं नाही. मी वरून म्हटलं, "घट्ट धरलीस ना?"

 ती मान खाली घालून उभी होती. हात काही सोडले नाहीत तिने. पण शिडी सारखी थरथरत होती, मी हललो नाही तरीही.

लाकूड जुनं झालंय. मेहुण्याला सांगायला हवं.